कूटलेखन-सॉफ्टवेअरच्या बांधणीत संपीडन-लायब्ररीचा अभाव : निदान आणि उपाय

१. प्रास्ताविक

संशोधनासाठी जमविलेल्या मुलाखती, रुग्णांच्या नोंदी, परीक्षणार्थ आलेली हस्तलिखिते अशी सामग्री संगणकावर उघडी ठेवणे आज कोणी शहाणपणाचे मानणार नाही. ती कूटबद्ध करून ठेवण्याचा प्रघात आता विद्यापीठीय विभागांतही रुळला आहे. परंतु हे काम ज्या सॉफ्टवेअरकडून करून घ्यावयाचे, ते आपण स्वतः मूळ आज्ञावलीपासून कंपाईल केले असेल, तर एक असा दोष संभवतो की, तो बांधणीच्या वेळी दिसत नाही, वापराच्या आरंभी जाणवत नाही आणि जेव्हा प्रकट होतो तेव्हा भलत्याच कारणाचा संशय उत्पन्न करतो. त्या दोषाचे स्वरूप, त्याचे निदान करण्याची रीत आणि त्यावरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय अमूर्त राहू नये म्हणून एक प्रसंग कल्पू या. तो कोणत्याही विभागात घडण्यासारखा आहे. एका संशोधक विद्यार्थ्याने आपल्या क्षेत्रकार्यातील सर्व नोंदी ग्नूपीजी या सॉफ्टवेअरने, पासफ्रेज देऊन, कूटबद्ध केल्या. जागा वाचावी म्हणून त्याने संपीडनासाठी बीझिप-२ ही पद्धती निवडली. पुढे प्रबंध लिहिताना त्या नोंदी विभागाच्या सामाईक संगणकावर उघडण्याची वेळ आली. तेथे त्याला प्रशासकाचे अधिकार नव्हते. म्हणून त्याने ग्नूपीजीची मूळ आज्ञावली आणून आपल्याच निर्देशिकेत तिची बांधणी केली. बांधणी कोणत्याही तक्रारीवाचून पार पडली. नवीन फाईल कूटबद्ध करून पाहिली, ती उघडलीही. मात्र जुनी फाईल उघडेना. पासफ्रेज विसरली असावी, किंवा फाईल खराब झाली असावी, असे दोनच तर्क अशा वेळी सुचतात. आणि दुसरा तर्क खरा धरून फाईल पुसून टाकण्यापर्यंत मजल जाते. वस्तुतः फाईल धडधाकट असते, पासफ्रेजही बरोबर असते. उणीव असते ती नव्या बांधणीत: तिच्यात बीझिप-२ उलगडण्याचे सामर्थ्यच नसते.

सॉफ्टवेअर बांधून झाले याचा अर्थ ते पूर्ण बांधले गेले असा नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. संपीडनाचे स्थान

कूटलेखनात संपीडन कोठे येते, हे प्रथम पाहिले पाहिजे. ज्या रचनेनुसार ग्नूपीजी संदेश तयार करते तिला ओपनपीजीपी असे नाव असून तिचे मानक आरएफसी ४८८० या क्रमांकाने २००७ मध्ये आणि त्याची जागा घेणारे आरएफसी ९५८० हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या रचनेत सही करावयाची असल्यास ती प्रथम होते, त्यानंतर संपीडन आणि अखेरीस कूटलेखन. हा क्रम यादृच्छिक नाही. संपीडन साधते ते मजकुरातील पुनरुक्तीमुळे. आणि उत्तम कूटलेखाचे लक्षणच असे की, त्यात पुनरुक्तीचा मागमूस राहू नये. म्हणून कूटबद्ध झालेला मजकूर पुढे संपीडित करू गेल्यास काहीही हाती लागत नाही. संपीडन करावयाचे तर ते आधीच केले पाहिजे.

या क्रमाला एक तात्त्विक आधारही आहे. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुप्तता-पद्धतींवरील निबंधात असे दाखविले की, भाषेतील पुनरुक्ती हीच गूढलेखाची उकल करणाऱ्याची मुख्य शिदोरी होय. साध्या प्रतिस्थापनाने लिहिलेला इंग्रजी गूढलेख सुमारे ३० अक्षरांचा झाला की, तत्त्वतः त्याची एकच उकल शिल्लक राहते. पुनरुक्ती कमी केली तर ही मर्यादा पुढे सरकते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी प्रसिद्ध केले आणि पुढे त्याच परंपरेतून ओपनपीजीपी निघाले. तेव्हा संपीडनाकडे जागेच्या बचतीबरोबरच या दृष्टीनेही पाहिले जात होते. आजच्या कूटपद्धतींना अशा टेकूची गरज उरलेली नाही; तथापि रचनेत संपीडनाचे स्थान कायम राहिले आहे.

ओपनपीजीपीमध्ये संपीडित भागाच्या आरंभी पद्धतीचा क्रमांक नोंदलेला असतो. ० म्हणजे असंपीडित, १ म्हणजे झिप, २ म्हणजे झेडलिब आणि ३ म्हणजे बीझिप-२. यांपैकी १ आणि २ या दोन्ही पद्धतींचा गाभा डिफ्लेट ही एकच प्रक्रिया आहे; क्रमांक २ मध्ये तिच्याभोवती एक लहानसे शीर्ष आणि तपासणी-बेरीज यांचे वेष्टन असते, एवढाच फरक. जाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची झेडलिब ही लायब्ररी (प्रथम आवृत्ती १९९५) या दोहोंचे काम पाहते. बीझिप-२ची प्रक्रिया मात्र सर्वस्वी निराळी असून तिची लायब्ररीही निराळी आहे. ती ज्युलियन सीवर्ड यांनी १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. यावरून असे निष्पन्न होते की, झेडलिब नसेल तर पहिल्या दोन्ही पद्धती एकदम जातात आणि बीझिप-२ची लायब्ररी नसेल तर फक्त तिसरी जाते. कल्पिलेल्या प्रसंगातील नवी फाईल उघडली आणि जुनी उघडली नाही, याचा उलगडा येथेच होतो.

मानकाची भूमिकाही लक्षात घेण्याजोगी आहे. असंपीडित मजकूर हाताळता येणे प्रत्येक सॉफ्टवेअरवर बंधनकारक आहे. झिप येत असावी अशी अपेक्षा आहे. बीझिप-२ ऐच्छिक आहे. म्हणजे बीझिप-२ नसलेले सॉफ्टवेअर मानकाच्या दृष्टीने सदोष ठरत नाही. गैरसोय होते ती वापरणाराची.

३. बांधणीच्या वेळी काय घडते

मूळ आज्ञावली कंपाईल करण्यापूर्वी कॉन्फिगर नावाची एक आज्ञावली चालवावी लागते. संगणकावर कोणकोणती साधने आहेत याची ती चाचपणी करते. एखादी लायब्ररी आहे की नाही हे ठरविण्यासाठी ती नुसत्या फाईलींची नावे शोधत बसत नाही, तर एक चिमुकला प्रोग्रॅम लिहून तो कंपाईल होतो की नाही हे प्रत्यक्ष पाहते. ग्नूपीजीच्या कॉन्फिगरमध्ये बीझिप-२साठी अशा दोन चाचण्या एकीपाठोपाठ एक होतात. पहिलीत बीझेडलिब नावाची हेडर फाईल सापडते का, हे पाहिले जाते. दुसरीत बीझेड-२ या लायब्ररीशी जोडणी करून तिच्यातील संपीडन सुरू करणारे फलन मिळते का, हे पाहिले जाते. दोन्ही चाचण्या उत्तीर्ण झाल्या तरच बीझिप-२चा भाग बांधणीत समाविष्ट होतो.

आता यांपैकी एक चाचणी अनुत्तीर्ण झाली तर काय होते? येथेच खरी मेख आहे. कॉन्फिगर थांबत नाही. पडद्यावरून सरकणाऱ्या शेकडो ओळींत एका ओळीच्या शेवटी 'नाही' एवढेच उमटते आणि काम पुढे चालू राहते. किंबहुना, 'बीझिप-२ अमुक निर्देशिकेत शोध' अशी स्पष्ट सूचना विथ-बीझिप-२ या पर्यायाने दिली आणि तेथे ती सापडली नाही, तरीही कॉन्फिगर थांबत नाही. यापुढील कंपाईल, जोडणी, स्थापना हे सर्व यथासांग पार पडते, कारण जो भाग वगळला गेला त्याच्यावाचून बाकीचे सर्व परिपूर्णच असते.

याच्या उलट पद्धतही प्रचारात आहे. दूरस्थ संगणकाशी सुरक्षित संपर्क साधणारे ओपनएसएसएच बांधताना झेडलिबची हेडर फाईल सापडली नाही, तर त्याचे कॉन्फिगर तेथेच थांबते आणि ती आधी स्थापन करण्यास सांगते. लायब्ररीची आवृत्ती फार जुनी असली तरीही ते अडून बसते. झेडलिब नकोच असेल तर तसे वापरणाराला शब्दांत सांगावे लागते. दोन्ही धोरणांमागे विचार आहे. ग्नूपीजीच्या धोरणामुळे ते अगदी तुटपुंज्या साधनांच्या यंत्रावरही बांधता येते. ओपनएसएसएचच्या धोरणामुळे बांधणाराला अंधारात राहावे लागत नाही. आपण कोणत्या धोरणाचे सॉफ्टवेअर बांधीत आहो हे ठाऊक नसणे मात्र धोक्याचे आहे. कारण दुसऱ्याची सवय झालेला मनुष्य पहिल्याच्या मौनाला संमती समजतो.

४. निदानाची रीत

आधी फाईलचे निदान, मग बांधणीचे निदान, असा क्रम ठेवावा.

फाईल उघडत नसेल तेव्हा ती कोणत्या पायरीवर अडते हे पाहावे. कूटलेखन हे बाहेरचे वेष्टन आणि संपीडन हे आतले, हे आपण पाहिलेच आहे. पासफ्रेज चुकली असेल तर बाहेरचे वेष्टनच उघडत नाही आणि सॉफ्टवेअर तसे सांगते. मजकुरात फेरफार झाला असेल तर अखंडतेच्या तपासणीची तक्रार येते. परंतु उकल झाली आणि त्यानंतर संपीडन उलगडता आले नाही, पद्धती अपरिचित आहे, अशा आशयाचा संदेश आला तर पासफ्रेज बरोबर असल्याचा तो पुरावाच समजावा. खात्री करून घ्यावयाची असल्यास संदेशाचे घटक दाखविणारा लिस्ट-पॅकेट्स हा पर्याय वापरावा. संपीडित घटकापुढे पद्धतीचा क्रमांक ३ दिसला की संशयाला जागा राहत नाही.

यानंतर बांधणीकडे वळावे. ग्नूपीजीला आवृत्ती विचारली असता ते आपल्या आवृत्तीबरोबर स्वतःला येत असलेल्या पद्धतींची यादीही छापते. तिच्यातील संपीडनाच्या ओळीत असंपीडित, झिप, झेडलिब आणि बीझिप-२ ही चारही नावे असावयास हवीत. एखादे नाव नसेल तर ते का नाही हे कॉन्फिगरने मागे ठेवलेल्या कॉन्फिग-लॉग या फाईलमध्ये सापडते. ही फाईल शेवटापासून वाचण्याची अनेकांना सवय असते. कारण बांधणी अडली असता शेवटच्या ओळीत कारण मिळते. येथे मात्र बांधणी अडलेलीच नसते. सबब शेवट पाहून उपयोग नाही. हेडर फाईलच्या नावाचा शोध घेऊन नेमकी ती चाचणी गाठावी. प्रत्येक चाचणीचा चिमुकला प्रोग्रॅम, तो कंपाईल करण्याची आज्ञा आणि कंपायलरने दिलेले उत्तर या तिन्ही गोष्टी तेथे नोंदलेल्या असतात. त्या उत्तरावरून पुढील चार प्रकार वेगळे करता येतात.

पहिला प्रकार : हेडर फाईल सापडत नाही. हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार होय. 'बीझिप-२ तर या यंत्रावर आहे, मी रोज वापरतो', असे उत्तर येथे हमखास मिळते. परंतु वापरावयाची आज्ञा, चालताना लागणारी लायब्ररी आणि कंपाईल करताना लागणारी सामग्री या तीन भिन्न वस्तू आहेत. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत तिसरीचे पॅकेज स्वतंत्र असते. डेबियन परिवारात त्याच्या नावाअखेर 'डेव्ह' आणि फेडोरा परिवारात 'डेव्हेल' असा प्रत्यय असतो. ते स्थापन केले की काम भागते. प्रशासकाचे अधिकार नसतील तर बीझिप-२ची मूळ आज्ञावली आपल्या निर्देशिकेत बांधून कॉन्फिगरला तिचा ठिकाणा द्यावा.

दुसरा प्रकार : हेडर सापडते, पण जोडणीच्या वेळी लायब्ररी सापडत नाही. लिंकर जे नाव शोधतो त्यात आवृत्तीचा आकडा नसतो. चालताना लागणाऱ्या फाईलच्या नावात तो असतो. आकड्याविना असलेले नाव ही एक सांकेतिक दुव्याची फाईल असून तीही 'डेव्ह' पॅकेजबरोबरच येते. काही जण हा दुवा हाताने तयार करतात. त्याने ही चाचणी पार पडते खरी. परंतु हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असा विजोड जमण्याचा संभव राहतो. यास्तव तो मार्ग टाळणे बरे.

तिसरा प्रकार : लायब्ररी सापडते, पण ती विसंगत म्हणून लिंकर तिला ओलांडून पुढे जातो. ६४ बिटांची बांधणी चालू असता मार्गात ३२ बिटांची लायब्ररी आली, किंवा दुसऱ्या जातीच्या प्रक्रियकासाठी बांधणी करताना आपल्याच यंत्राची लायब्ररी पुढे आली, म्हणजे असे होते. उपाय उघड आहे : योग्य जातीच्या लायब्ररीची निर्देशिका शोधमार्गात पुढे आणावी.

चौथा प्रकार : लायब्ररी सापडते, जातही जुळते, परंतु पुनःस्थापनासंबंधी तक्रार करून लिंकर जोडणी नाकारतो. हा प्रकार आपल्या निर्देशिकेत बीझिप-२ बांधणाऱ्यांच्या वाट्याला विशेषेकरून येतो आणि तो थोडा विस्ताराने समजून घेण्याजोगा आहे. बीझिप-२ला कॉन्फिगर नाही; तिची मेकफाईल सरळ चालविली की फक्त स्थिर लायब्ररी तयार होते. सामाईक लायब्ररीसाठी निराळी मेकफाईल दिलेली आहे. इकडे बहुतेक वितरणांतील कंपायलर आता प्रत्येक प्रोग्रॅम स्थाननिरपेक्ष, म्हणजे स्मृतीत कोठेही ठेवला तरी चालेल असा, तयार करतात. स्थिर लायब्ररीचे तुकडे स्थाननिरपेक्ष रीतीने कंपाईल झालेले नसतील तर ते अशा प्रोग्रॅममध्ये बसत नाहीत. तेव्हा बीझिप-२ पुन्हा बांधताना कंपायलरला एफ-पिक हा पर्याय द्यावा लागतो. तो देताना एक खबरदारी घ्यावी. आज्ञेबरोबर कंपायलरचे पर्याय दिले की मेकफाईलमधील मूळ पर्याय सर्वच्या सर्व गळून पडतात. त्यांतच मोठ्या फाईलींसाठी लागणारा ६४ बिटांच्या अंतरमापनाचा पर्याय असतो. तो पुन्हा लिहावयास विसरल्यास एक उणीव भरून काढताना दुसरी आपल्याच हातून शिरण्याची भीती आहे.

या चारही प्रकारांत कारण दूर केल्यानंतर केवळ मेक पुन्हा चालविणे पुरेसे नाही. लायब्ररी नसल्याचा निष्कर्ष आधीच नोंदला गेलेला असतो आणि मेक त्यावरच विसंबून राहते. जुनी बांधणी पूर्णपणे साफ करून कॉन्फिगरपासून आरंभ करावा.

५. पडताळा

कॉन्फिगरची चाचणी जोडणी होते की नाही एवढेच पाहते. प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालू लागला असता लायब्ररी सापडेल, याची हमी त्यात नाही. आपल्या निर्देशिकेतील सामाईक लायब्ररीशी जोडणी केली असेल तर प्रोग्रॅम सुरू होतानाच ती न सापडल्याची तक्रार येऊ शकते. पर्यावरणातील चल बदलून हे तात्पुरते भागविता येते. परंतु ते चल नसलेल्या दुसऱ्या सत्रात तोच प्रोग्रॅम पुन्हा अडतो. जोडणीच्या वेळीच लायब्ररीचा मार्ग प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवणे हा टिकाऊ उपाय होय.

दुसरी चूक याहून साधी, पण वेळ खाणारी आहे. नवी बांधणी एका निर्देशिकेत आणि वितरणाबरोबर आलेले जुने ग्नूपीजी दुसऱ्या निर्देशिकेत, अशी स्थिती असता आपण कोणते चालवीत आहो हे पाहिले जात नाही. पूर्ण मार्ग देऊन आवृत्ती विचारावी, म्हणजे घोटाळा राहत नाही.

अखेरचा पडताळा प्रत्यक्ष प्रयोगानेच घ्यावा. एखादी मोठी मजकुराची फाईल घेऊन ती क्रमाने तिन्ही पद्धतींनी संपीडित करून कूटबद्ध करावी, उघडावी आणि मूळ फाईलशी अक्षरशः ताडून पाहावी. प्रयोगासाठी छायाचित्र किंवा आधीच संपीडित असलेली फाईल घेऊ नये. एक तर तिचा आकार घटत नाही. शिवाय पद्धती स्पष्टपणे नेमून दिली नसेल तर ग्नूपीजी अशी फाईल ओळखून संपीडनाची पायरी आपणहून गाळते. त्यामुळे प्रयोग यशस्वी दिसतो, पण त्याने काहीच सिद्ध झालेले नसते.

सार्वजनिक किल्लीचा वापर करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. किल्ली तयार होताना तिच्यात मालकाला चालणाऱ्या संपीडन-पद्धतींचा पसंतिक्रम नोंदला जातो. परिपूर्ण बांधणीवर तयार झालेल्या किल्लीत बीझिप-२चे नाव असते. ती किल्ली अपुऱ्या बांधणीवर नेली तरी ते नाव तसेच राहते. पत्र पाठविणारा त्या नोंदीवर विसंबून बीझिप-२ वापरू शकतो आणि ते पत्र आपणास उघडत नाही. खासगी किल्ली आयात करताना, तिच्यातील काही पसंती या बांधणीत उपलब्ध नाहीत, असा इशारा ग्नूपीजी देते. तो वाचून न सोडता बांधणी सुधारावी, अथवा पसंतिक्रम बदलून नवी सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यावी.

६. संपीडन असावेच काय?

येथवरच्या विवेचनावरून, संपीडनाचा आधार सर्वत्र मिळवलाच पाहिजे, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही.

२०१२ मध्ये हुलियानो रिझो आणि थाय डुओंग यांनी 'क्राइम' या नावाने ओळखला जाणारा हल्ला दाखवून दिला. त्यामागील कल्पना सोपी आहे. गुप्त मजकूर आणि हल्लेखोराने घुसविलेला मजकूर एकत्र संपीडित होत असतील तर दोहोंत साम्य असता एकूण लांबी घटते. कूटलेखन आशय लपविते; लांबी लपवीत नाही. तेव्हा निरनिराळे अंदाज घुसवून लांबी मोजीत गेल्यास गुप्त मजकूर थोडाथोडा हाती लागतो. परिणामी ओपनएसएसएलने १.१.० या आवृत्तीपासून (२०१६) संपर्कातील संपीडन मुळातच बंद ठेवले आणि टीएलएस १.३ या मानकातून (२०१८) ते काढूनच टाकण्यात आले. जुन्या मार्गदर्शिका वाचून, टीएलएसला संपीडन मिळावे म्हणून ओपनएसएसएलला झेडलिब जोडण्याची खटपट करणे, ही आज चूकच ठरेल. साठवणीसाठी कूटबद्ध केलेल्या फाईलीत मात्र हल्लेखोराला पुनःपुन्हा अंदाज घुसविण्याची संधी सहसा नसते. म्हणून तेथे हा आक्षेप त्याच जोराने लागू होत नाही.

उलट बाजूने, संपीडनाला संरक्षण समजणेही योग्य नाही. २००२ मध्ये जल्लाद, कॅट्झ आणि श्नायर यांनी पीजीपी व ग्नूपीजी यांवरील एका हल्ल्याची प्रत्यक्ष परीक्षा केली. त्यात फेरफार केलेला कूटसंदेश स्वीकारणाराकडे पाठवून, त्याने उघडलेला निरर्थक मजकूर परत मिळवावयाचा असतो. संपीडनामुळे हा हल्ला बहुधा फसतो, असे त्यांना आढळले. परंतु पाठविलेली फाईल आधीच संपीडित असेल आणि म्हणून ग्नूपीजीने ती पायरी गाळली असेल, तर तो साधतो, असेही आढळले. जे संरक्षण योगायोगाने मिळते ते योगायोगानेच जाते. मजकुराची अखंडता राखण्याचे काम त्यासाठीच योजलेल्या तपासणीने करावयाचे, संपीडनाने नव्हे.

यातून निघणारा नियम एवढाच : संपीडन असावे की नसावे हे प्रसंग पाहून ठरवावे, पण ते ठरलेले असावे. बीझिप-२ नको असेल तर कॉन्फिगरला डिसेबल-बीझिप-२ असे शब्दांत सांगावे. मग तिचा अभाव हा निर्णय असतो, अपघात नसतो.

७. मौनाचा गैरवापर

चाचणी अनुत्तीर्ण झाली तरी बांधणी मुकाट्याने पुढे जाते, ही गोष्ट केवळ गैरसोयीची नाही; तिचा दुरुपयोग करता येतो. याचे उदाहरण २०२४ मध्ये सर्व जगाने पाहिले आणि योगायोग असा की, तेही एका संपीडन-लायब्ररीचेच आहे. त्या वर्षी २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी असे जाहीर केले की, एक्सझेड या संपीडन-सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवलेला आहे. ओपनएसएसएचद्वारे प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या शंकेचा पाठपुरावा करता करता ते तेथपर्यंत पोहोचले. ओपनएसएसएच स्वतः त्या लायब्ररीचा उपयोग करीत नाही. काही वितरणांनी सिस्टिमडीशी जुळणी करण्यासाठी केलेल्या बदलामुळे ती आडमार्गाने आत आली होती. दुष्ट भाग चाचणी-फाईलींत दडविलेला होता आणि त्याला जागे करणारा तुकडा कॉन्फिगरच्या सामग्रीत, तोही केवळ वितरित संचात, घातलेला होता. सार्वजनिक भांडारातील प्रतीत तो नव्हता.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच प्रकरणातील एक लहानसा तपशील अधिक बोधप्रद आहे. लँडलॉक या संरक्षक कुंपणाचा आधार यंत्रावर आहे काय, हे पाहणाऱ्या चाचणीच्या चिमुकल्या प्रोग्रॅममध्ये एक एकटा पूर्णविराम घातलेला आढळला. त्या टिंबामुळे तो प्रोग्रॅम कोठेही कंपाईल होणे शक्य नव्हते. म्हणून चाचणी प्रत्येक यंत्रावर अनुत्तीर्ण व्हावयाची, आणि त्या रीतीने केलेली बांधणी कुंपणावाचून, कोणतीही तक्रार न करता, पूर्ण व्हावयाची. आपल्या विद्यार्थ्याच्या यंत्रावर जे अज्ञानाने घडले तेच येथे हेतुपुरस्सर घडविण्यात आले. दोन्ही ठिकाणी आधार एकच : 'नाही' हे उत्तर कोणी वाचत नाही.

८. उपसंहार

तात्पर्य, कूटलेखनाचे सॉफ्टवेअर स्वतः बांधणाराने तीन गोष्टी अवश्य कराव्यात. बांधणीपूर्वी आपल्याला कोणकोणती सामर्थ्ये हवीत आणि कोणती नकोत यांची यादी करावी. बांधणीनंतर सॉफ्टवेअर स्वतःविषयी काय सांगते ते त्या यादीशी ताडून पाहावे. आणि कॉन्फिगरला दिलेले पर्याय, लायब्ररींच्या आवृत्त्या व कॉन्फिग-लॉग ही सर्व सामग्री कूटबद्ध फाईलींच्या शेजारी जपून ठेवावी. प्रयोगशाळेत उपकरणाच्या अंशांकनाची नोंद आपण ठेवतोच. ही नोंदही त्याच योग्यतेची आहे. कूटबद्ध केलेली फाईल पाचदहा वर्षांनी उघडली जाते, तेव्हा ती ज्या यंत्रावर तयार झाली ते यंत्र नसते आणि ज्याने तयार केली तोही पुष्कळदा विभागात नसतो.

आणि ज्याची फाईल आजच उघडत नसेल त्याने धीर सोडू नये. पासफ्रेज मान्य झाली असेल आणि अडचण संपीडनापाशीच असेल, तर त्याचे काहीही गमावलेले नाही. बीझिप-२चा आधार असलेल्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर ती फाईल उघडेल. तोवर ती पुसून मात्र टाकू नये.